कोकणातल्या रोजच्या जाहिराती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ, कणकवली, मालवण या भागात ग्राहक हक्कांबद्दल बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. जाहिरात हा शहरवाल्यांचा उद्योग, आपण फक्त बघणारे, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. पण आपला आंबा, आपली जमीन, आपला समुद्र यांची जाहिरात बारा महिने चालू असते आणि ती करणारे बहुतेक वेळा बाहेरचे असतात. म्हणून कोकणातल्या माणसाला जाहिरात नीट वाचता यायला हवी आणि स्वतःच्या मालाची करताही यायला हवी.

जाहिरात नक्की कशाला म्हणायचं? दुकानाची पाटी, बाटलीवरचं लेबल हेही त्यात येतं का?

येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली व्याख्या बरीच मोठी आहे. छापील मजकूर, आवाज, प्रकाश, धूर, इंटरनेट, कशातूनही केलेली प्रसिद्धी तिच्यात बसते. सूचनापत्र, लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा बसतं. त्यामुळे "आम्ही जाहिरात केलीच नव्हती, ते फक्त पाकिटावर छापलं होतं" ही सबब चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलेला "ओरिजिनल मालवणी मसाला, एक नंबर क्वालिटी" हा फोटोही जाहिरातच.

पूर्वी गावात जाहिरात नव्हती, मग आताच एवढी का?

पूर्वीही होती. दवंडी होती, बाजाराच्या दिवशी मासळी घेऊन बसलेल्या बायकांची हाक होती, जत्रेतल्या दुकानांची आरास होती. सांगणारा समोर उभा असायचा आणि फसवलं तर पुढच्या बाजाराला तिथेच सापडायचा, हा मोठा फरक. मग वर्तमानपत्रं आली. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. विविध भारतीवर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती वाजू-दिसू लागल्या. आता मोबाईलमुळे जाहिरात माणसागणिक वेगळी झाली आहे. एकाच ओटीवर बसलेल्या आजोबांना आणि नातवाला एकाच वेळी दोन वेगळ्या जाहिराती दिसतात.

जाहिराती बंद झाल्या तर बरं नाही का होणार?

मला तसं वाटत नाही. तुम्ही चार-पाच रुपयांना घेता त्या वर्तमानपत्राचा छपाईचा खर्चही त्या किमतीत निघत नाही, तो जाहिरातीतून निघतो. तालुक्याच्या बातम्या देणारी छोटी पत्रं तर दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवरच तग धरून आहेत. त्यात धोका आहेच, कारण ज्याची मोठी जाहिरात, त्याच्याविरुद्धची बातमी लहान होते. तरीही नवीन शिकवणी कुठे सुरू झाली, डोळे तपासणी शिबिर कधी आहे, काजू बी कोण कुठल्या भावाने घेतंय, हे कळायला जाहिरात लागतेच.

पेटीवर "देवगड हापूस" लिहिलंय. तो देवगडचाच कशावरून?

छापील अक्षरांवरून काहीच सिद्ध होत नाही. रिकामी छापील पेटी बाजारात विकत मिळते. त्यात कर्नाटकातला आंबा भरला की दिसायला तो हापूसच, कारण जात तीच. माती आणि हवा मात्र वेगळी, त्यामुळे साल, वास आणि गराचा गोडवा वेगळा.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी कायदेशीर नोंद, मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. या जिल्ह्यांतल्या बागायतदाराला ते नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. विकणारा मानांकनाचं चिन्ह वापरत असेल तर नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते विचारा. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. तो क्रमांक मोबाईलवरून पडताळता येतो. खात्रीसाठी हा मार्ग चांगला आहे, पण स्टिकर नाही म्हणजे आंबा खोटा, असंही नाही. लहान बागायतदार अजून या व्यवस्थेत आलेले नाहीत.

हंगाम डोक्यात ठेवला तर अर्धी फसवणूक टळते. पहिल्या मोजक्या पेट्या जानेवारी-फेब्रुवारीत निघतात आणि त्या महाग असतात. भरपूर माल मार्च अखेर ते मे. पाऊस लागला की हंगाम आटोपला. त्यामुळे फेब्रुवारीत स्वस्तात हव्या तेवढ्या पेट्या किंवा जुलैत "बागेतून थेट ताजा हापूस" अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायची गरज नाही.

"नैसर्गिक पिकवलेला" या शब्दांवरही थांबा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, म्हणजे कार्बाइड न वापरणं हे विक्रेत्याचं कर्तव्यच आहे, त्यात वेगळं कौतुक नाही. अढी लावून पिकवलाय का, किती दिवस, असं विचारा. ज्याने खरंच पेंढ्यात आंबा घातलाय तो लगेच सांगतो: आठ-दहा दिवस, मध्ये एकदा चाळवला, डागी बाजूला काढले. ज्याने घातलेला नाही तो पुन्हा "एकदम नैसर्गिक" एवढंच म्हणतो.

"समुद्रापासून ५ मिनिटांवर, एनए प्लॉट, क्लिअर टायटल." घ्यावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एसटी स्टँडवर वाटतात ते चार रंगी पत्रक हातात घ्या. वर निळा समुद्र, माडाच्या रांगा, पांढरा बंगला, बंगल्यासमोर गाडी. खाली बारीक अक्षरात "चित्र कलाकाराच्या कल्पनेतून" असं लिहिलेलं असतं. म्हणजे तो बंगला नाही, रस्ता नाही, कित्येकदा चित्रातला समुद्रही त्या गावचा नाही. "५ मिनिटं" गाडीने की चालत, आणि गाडीने असतील तर कुठल्या रस्त्याने, ते लिहिलेलं नसतं. मिनिटांत सांगितलेलं अंतर मीटरमध्ये लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता कायद्याचं. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराकडे, म्हणजे घर-जमिनीच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. तो मोबाईलने उघडून बघा. प्रकल्पाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर पत्रकाशी जुळतात का, ते पाहा. जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई किंवा व्याजासह परतावा मागायचा हक्क रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. म्हणून ते पत्रक फेकू नका, करारपत्रासोबत फाईलला लावून ठेवा.

नोंदणी क्रमांक नाही आणि एनए (बिगरशेती) ऐवजी "फार्म प्लॉट" किंवा "शेतजमीन" असं लिहिलंय, तर वेगळा पेच आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यात शेतजमिनीचे फार लहान तुकडे करू न देणारा तुकडेबंदीचा कायदा आहे आणि त्यातले नियम अलीकडे बदलत आलेत, म्हणून दोन-चार गुंठ्यांची नोंदणी होते की नाही हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारावं. सातबारा स्वतः ऑनलाइन काढा, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बोजा किंवा खाजगी वनाची नोंद आहे का, ते वाचा. आपल्याकडे जमिनी सामाईक असतात. वीस नावांपैकी सतरा जणांच्या सह्या असल्या तरी उरलेले तीन पुढे न्यायालयात उभे राहतात.

शेवटी समुद्र. कमी वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र असतं. खाडीकाठालाही मर्यादा आहे. "अगदी लाटांजवळ" असं लिहिलेला प्लॉट जेवढा जवळ, तेवढी तिथे घर बांधायची परवानगी अवघड. जाहिरातीतला सगळ्यात मोठा गुण हाच त्या जागेचा सगळ्यात मोठा दोष असू शकतो.

वर्तमानपत्रातल्या "जाहीर नोटीस" आम्ही वाचतच नाही. त्या कुणासाठी असतात?

तुमच्यासाठी, विशेषतः तुमचं घर गावात आणि तुम्ही विरार-नालासोपाऱ्याला असाल तर. रोजच्या वर्तमानपत्रातली सगळ्यात रूक्ष दिसणारी ही जाहिरात कोकणातल्या कुटुंबांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. जमीन घेणाऱ्याच्या वतीने वकील ती देतात: अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा, आणि कुणाचा हक्क-हितसंबंध असेल तर ७, १४ किंवा १५ दिवसांत कागदपत्रांसह हरकत कळवावी. मुदतीत हरकत आली नाही तर कुणाचा हक्क नाही असं समजून व्यवहार पुरा होतो. हरकत न घेतल्याने तुमचा हक्क आपोआप संपत नाही, पण नंतर तो सिद्ध करायला वर्षं जातात आणि समोरचा "मी नोटीस दिली होती" म्हणून सचोटीचा दावा करतो.

काही जण मुद्दाम अशा पत्रात नोटीस देतात, जे मुंबईत कुणी बघत नाही. म्हणून गावातल्या एका वाचणाऱ्या माणसाला, चुलत्याला म्हणा, शाळेतल्या गुरुजींना म्हणा, आपल्या सर्व्हे नंबरांची यादी देऊन ठेवा. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, नोटिसा शासनाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावानुसार दिसतात. गणपतीला आल्यावर सगळे भाऊबंद एकत्र असतात, तेव्हा ही यादी करायला अर्धा तास पुरतो.

आमच्या गडग्यावर कंपनीवाले रंगवून गेले. पैसे मागू का?

जरूर मागा, पण त्याआधी दुसरी गोष्ट बघा. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियम, १९९५ नुसार रस्त्यावरून दिसणारी खाजगी भिंतसुद्धा सार्वजनिक नजरेची जागा ठरते आणि तिथे जाहिरात करायला स्थानिक संस्थेची परवानगी लागते. झाडाला खिळे ठोकून लावलेल्या पाट्याही त्यातच येतात. कंपनीचा माणूस "फुकटात भिंत रंगवून देतो" म्हणतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं, पण महामार्गालगतच्या जांभ्याच्या गडग्याला किंमत आहे. किती वर्षं, किती पैसे, मुदतीनंतर भिंत पूर्ववत कोण करणार, हे कागदावर घ्या.

जत्रेतले आणि महामार्गावरचे स्वागताचे फलक हीसुद्धा जाहिरात का?

हो, आणि फार महाग जाहिरात. गणपतीत "चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत" म्हणत खारेपाटणपासून जे फलक सुरू होतात, त्यावर चाकरमान्याचा फोटो कुठेच नसतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या यात्रेला लाखो माणसं येतात, त्यामुळे मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेत्यांच्या चेहऱ्यांची दाटी होते. देवीच्या नावाखाली मतांची पेरणी मला पटत नाही, हे स्पष्ट लिहितो. वळणावर फलक लावून समोरून येणारी एसटी दिसत नाही, हा तर जिवाचा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. आपल्याकडे मे-जूनचा वारा मुंबईपेक्षा कमी नसतो. धोकादायक फलक दिसला तर फोटो काढून ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीला लेखी द्या आणि पोच घ्या. निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता असणं सक्तीचं आहे, तेही बघत चला.

आम्ही घरात जे बोलतो त्याचीच जाहिरात मोबाईलवर येते. फोन ऐकतो का?

त्याला ऐकायची गरज पडत नाही, एवढं त्याला आधीच माहीत असतं. पुण्याहून भावोजी गुहागरला चार दिवस आले, घरच्या वायफायला त्यांचा फोन जोडला, त्यांनी रात्री जागेचे भाव शोधले. तुमचे दोघांचे फोन एका ठिकाणी, एका वायफायवर असतात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला प्लॉटची जाहिरात. तुम्ही मोबाईलवर पान उघडता त्या क्षणी त्यातली जाहिरातीची रिकामी चौकट कुणाला द्यायची याचा लिलाव यंत्रांमध्ये होतो आणि पान दिसेपर्यंत संपतो. बोली तुमच्या वयावर, ठिकाणावर, मागच्या शोधांवर लागते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वैयक्तिक जाहिराती बंद करा आणि गरज नसलेल्या अ‍ॅपची लोकेशनची परवानगी काढा. जाहिराती कमी होणार नाहीत, पण तुमच्यावर नेम धरून येणाऱ्या कमी होतील.

मधुमेह मुळापासून बरा करणारं औषध, मुतखडा विरघळवणारा काढा: खरं असतं का?

अशी जाहिरात करणंच गुन्हा आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अर्धांगवायू, मुतखडा अशा रोगांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात त्याने बंद केली. गोळ्या सोडून काढा सुरू केलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. कृपा करून आधी डॉक्टरांना विचारा.

गुटख्याला बंदी, मग त्याच नावाची वेलची टीव्हीवर कशी?

तिला आडून केलेली जाहिरात म्हणतात. माल वेगळा दाखवायचा, नाव तेच लोकांच्या तोंडात ठेवायचं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई केली आहे.

तारकर्लीचं रील बघून बुकिंग केलं, प्रत्यक्षात वेगळंच निघालं. रील करणाऱ्याला जबाबदार धरता येतं का?

येतं. पैसे, मोफत मुक्काम किंवा फुकट जेवण घेऊन कौतुक केलं असेल तर ते ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची बंदीही येऊ शकते. पण रील बघताना एक साधी गोष्ट तपासता येते, ती म्हणजे महिना. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, म्हणून त्या दिवसांत "आज सकाळी पकडलेली सुरमई" असं थाळीच्या जाहिरातीत लिहिलं असेल तर ती बहुधा बर्फातली.

माझा कोकमाचा छोटा धंदा आहे. जाहिरात कशी करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका मला फार महत्त्वाच्या वाटतात. उत्तम माल करून गप्प बसण्याची आपली सवय आहे आणि त्या गप्प बसण्यावर दुसरे पैसा करतात.

पहिलं, नाव नेमकं लिहा. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस आणि अमृत कोकम म्हणजे साखर घातलेला कोकमाचा पाक. दोन्ही बाटल्या लाल दिसतात आणि बाहेरचा गिऱ्हाईक सोलकढीला अमृत कोकम घालून मोकळा होतो. लेबलवर "सोलकढीसाठी आगळ" आणि "सरबतासाठी अमृत कोकम" एवढं लिहिलंत की तक्रारी निम्म्या होतात. अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि घटक हे असायलाच हवं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. साखर सगळ्यात जास्त असेल तर साखर आधी. खोटा रंग घातला नसेल तर ते ठळक सांगा, कारण बाजारातल्या अनेक बाटल्यांना ते सांगता येत नाही.

"वजन घटवते, मधुमेह बरा करते" असं लिहू नका. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. त्याऐवजी तुमचं खरं काय आहे ते सांगा: कोकमं कुठल्या वाडीतली, उन्हात किती दिवस सुकवली, सालीला आगळाची किती पुटं दिली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन आहे, बचत गटामार्फत नोंदणी करून घ्या. फोटो स्वतःच्या अंगणातला टाका. सालं पसरलेल्या सुपाचा फोटो मुंबईच्या माणसाला जे सांगतो, ते इंटरनेटवरून उचललेलं चकचकीत चित्र सांगू शकत नाही.

घरगुती मुक्कामाची सोय असेल तर उणीवही लिहा. समुद्र ८०० मीटर, शेवटच्या चाळीस पायऱ्या, मोबाईलची रेंज फक्त खळ्यात. येणारा तयारीने येतो आणि चिडून जात नाही.

फसलो तर तक्रार कुठे?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. नुसती जाहिरातच आक्षेपार्ह असेल तर भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था. तिच्याकडे तक्रार फुकट होते. जिल्हाधिकाऱ्यांनाही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची चौकशी करता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. पैसे गेले असतील तर ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

पुरावा म्हणून काय ठेवायचं?

बिल, पत्रक, पाकीट, पैसे पाठवल्याचा तपशील. मोबाईलवरची जाहिरात असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, कारण ती उद्या तिथे नसेल. आंब्याची पेटी असेल तर उघडण्यापूर्वी चारही बाजूंचा फोटो आणि पहिला थर काढतानाचा व्हिडिओ. कुजलेली फळं टाकण्याआधी विक्रेत्याला त्याच दिवशी लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तरी चालतं.